पाणी, कोळसा आणि ऊन : सह्याद्रीतील विजेचा जमाखर्च

घटप्रभेच्या काठी गोकाकचा धबधबा पाहावयास गेलेल्या माणसाची नजर प्रथम पाण्यावर खिळते; कड्यालगतच्या कापडगिरणीकडे ती मागाहून वळते. परंतु सीमाभागाच्या औद्योगिक इतिहासात त्या गिरणीचे महत्त्व धबधब्याच्या शोभेहून कमी नाही. १८८५ साली स्थापन झालेल्या कंपनीने येथे पडत्या पाण्याच्या बळावर सूत काढण्याचा उद्योग आरंभिला आणि १८८७ साली गिरणीच्या चात्या फिरू लागल्या. कोळशाच्या खाणी शेकडो कोस दूर होत्या, पाणी मात्र दाराशी होते. पाण्याने चक्र फिरावे आणि चक्राची गती दोरखंडांनी यंत्रांपर्यंत पोहोचवावी, अशी ती साधी योजना होती. तिला मर्यादा एकच होती. दोर जेथवर पोहोचेल तेथवरच शक्ती पोहोचे. म्हणून गिरणीलाच पाण्यापाशी यावे लागले.

ही मर्यादा विजेने दूर केली. १९०२ साली कावेरीवरील शिवनसमुद्र येथे निर्माण केलेली वीज सुमारे ९० मैलांवरील कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत तारांनी नेण्यात आली. शक्ती पाण्यापाशी निर्माण करावी आणि गरज असेल तेथे न्यावी, हे दक्षिण हिंदुस्थानात सिद्ध झाले. त्यानंतर साहजिकच सर्वांचे लक्ष सह्याद्रीकडे गेले. घाटमाथ्यावर चार महिने कोसळणारा पाऊस आणि पायथ्यापासून थोड्याच अंतरावर कोळशावाचून अडणारी मुंबई, असा योग अन्यत्र क्वचितच आढळेल.

आपल्या भूमीतील इंधनावर उभे राहणे म्हणजे ऊर्जेच्या बाबतीत स्वतंत्र होणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती चुकीची नाही. तथापि सह्याद्रीच्या परिसरातील विजेचा शंभर वर्षांहून अधिक काळाचा इतिहास पाहिला म्हणजे ह्या समजुतीला एक पुरवणी जोडावी लागते. वीज स्वस्त पडली असे जेव्हा जेव्हा म्हटले गेले, तेव्हा तो हिशेब कोणी मांडला आणि कोणता खर्च त्यात धरलाच गेला नाही, हेही विचारणे आवश्यक ठरते.

मुंबईचा कोळसा

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत ऐंशीहून अधिक कापडगिरण्या होत्या आणि त्यांतील बहुतेक सर्व वाफेवर चालत. वाफेसाठी लागणारा कोळसा बंगाल-बिहारच्या खाणींतून रेल्वेने येई, नाहीतर समुद्रमार्गे इंग्लंड वा दक्षिण आफ्रिकेतून. कापूस वऱ्हाड-खानदेशचा, मजूर कोकण-घाटावरचे, भांडवल बहुतांशी मुंबईचेच. मात्र यंत्र फिरविणारी शक्ती दूरवरून आणावी लागे. वाघिणींची टंचाई झाली अथवा जहाजांचे भाडे वाढले, की गिरणीचा खर्च वाढलाच.

पश्चिम घाटातील पावसाचे पाणी अडवून त्यापासून वीज निर्माण करता येईल, ही कल्पना मुंबईतील अभियंते डेव्हिड गॉस्लिंग यांनी पुढे मांडली आणि जमशेटजी टाटांनी ती उचलून धरली. १९०४ साली जमशेटजींचे निधन झाले. योजना त्यांच्या मुलांनी आणि सहकाऱ्यांनी तडीस नेली. १९१० साली टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी स्थापन झाली. तिचे भागभांडवल मुख्यतः देशी संस्थानिक आणि व्यापारी यांच्याकडून उभे राहिले, ही गोष्ट स्वदेशीच्या त्या काळात विशेष अभिमानाची मानली गेली. ८ फेब्रुवारी १९११ रोजी लोणावळ्याजवळ वळवण धरणाची कोनशिला बसविण्यात आली आणि १९१५ च्या फेब्रुवारीत खोपोलीच्या वीजगृहातून मुंबईला वीज मिळू लागली. वळवण, लोणावळा आणि शिरवटा येथील तलावांचे पाणी लोखंडी नळांतून सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीस उतरत होते.

जलविद्युतेचा हिशेब कोळशाच्या हिशेबाहून मुळातच वेगळा असतो, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. वाफेच्या यंत्राला प्रारंभी पैसा कमी लागतो. पण ते चालू आहे तोवर भट्टीत रोज कोळसा घालावा लागतो. धरणाच्या बाबतीत जवळजवळ सगळा खर्च पहिले युनिट निर्माण होण्यापूर्वीच करून बसावे लागते. पुढे पाऊस फुकट मिळतो. व्याज मात्र फुकट नसते. म्हणून अशा विजेचा दर दोन गोष्टींवर ठरतो : भांडवल किती व्याजाने मिळाले, आणि निर्माण झालेली वीज घेण्यास ग्राहक किती बांधील आहेत. गिरणीमालकांनी दीर्घ मुदतीचे करार केले, तरच धरणाचा पैसा निघणार होता. आणि आपल्या चालत्या वाफेच्या यंत्रांवर पाणी सोडावयास ते सहजासहजी तयार नव्हते. त्यांच्या मनातील शंका पहिल्या महायुद्धाने दूर केली. कोळसा महागला आणि वेळेवर मिळेनासा झाला, तेव्हा डोंगरावरून येणारी वीज मुंबईला अधिक भरवशाची वाटू लागली. १९१६ साली आंध्रा व्हॅली आणि १९१९ साली टाटा पॉवर अशा आणखी दोन कंपन्या निघाल्या. भिवपुरीचे वीजगृह १९२२ साली आणि भिऱ्याचे १९२७ साली सुरू झाले. मधल्या काळात ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या बोरीबंदरहून कुर्ल्यापर्यंत विजेची पहिली आगगाडी धावली होती. गिरण्यांपाठोपाठ रेल्वेनेही कोळशाची जागा विजेला देण्यास सुरुवात केली.

मुळशीची जमीन

भिऱ्याच्या विजेसाठी नीला आणि मुळा ह्या नद्यांच्या संगमाजवळ, मुळशी पेट्यात धरण बांधावयाचे ठरले. बुडीत क्षेत्रात ५० हून अधिक गावांच्या जमिनी येत होत्या. ह्या खोऱ्यातील भातखाचरे मावळ्यांनी पिढ्यान्पिढ्या बांधून काढलेली होती. सरकारने भूसंपादनाचा १८९४ चा कायदा वापरला. सार्वजनिक कार्यासाठी जमीन घेण्याचा तो कायदा होता. येथे जमीन जाणार होती ती एका खाजगी कंपनीकडे.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी धरणाच्या जागेवर सत्याग्रह आरंभिला. विनायकराव भुस्कुटे, पांडुरंग महादेव बापट, शंकरराव देव प्रभृती मंडळी त्यात अग्रभागी होती. ह्याच लढ्याने बापटांना ‘सेनापती’ ही पदवी दिली. आरंभी काम काही काळ थांबले. परंतु पुढे ते पुन्हा सुरू झाले, धरपकड झाली, सक्तमजुरीच्या शिक्षा झाल्या. १९२४ च्या अखेरीस बापट दीर्घ मुदतीच्या कारावासात गेले आणि लढा संपला. धरण झाले.

ह्या लढ्यातील दोन्ही बाजूंना आपापले बळ होते, म्हणूनच तो आजही विचार करावयास लावतो. कंपनी देशी होती आणि तिचे भांडवल देशी होते. परदेशी कोळशाची गरज कमी करणारा, गिरण्यांच्या धंद्याला आधार देणारा उद्योग ती उभारीत होती. त्या काळच्या अनेक सुशिक्षितांना धरणाला विरोध म्हणजे देशाच्या प्रगतीला विरोध असे वाटले, तर त्यात नवल नाही. दुसरीकडे मावळ्याचे म्हणणे अगदी साधे होते : देशाची प्रगती व्हावी, पण ती आमच्याच जमिनीवर का, आणि आम्हाला न विचारता का? भरपाई वाढवून मिळाली की सावकाराचा प्रश्न मिटत होता, कारण जमीन त्याच्या दृष्टीने वहीतील एक रक्कम होती. प्रत्यक्ष कसणाऱ्याचा प्रश्न तेथून पुढे सुरू होत होता. रोख रकमेने भाताचे खाचर पुन्हा उभे राहत नाही आणि मोडलेले गाव पुन्हा वसत नाही.

कंपनीच्या ताळेबंदात धरणाची भिंत होती, नळ होते, जनित्रे होती, भरपाईची रक्कमही होती. गाव मोडल्याचा खर्च टिपावयास त्यात रकानाच नव्हता. मुंबईची वीज स्वस्त पडली ती काही अंशी ह्या कोऱ्या रकान्यामुळे, हे मान्य केल्यावाचून त्या काळचा जमाखर्च पुरा होत नाही.

कोयनेचा प्रकाश

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले. १९४८ च्या वीजपुरवठा कायद्याने राज्यांची वीज मंडळे उभी राहिली. वीज ही केवळ विकावयाची वस्तू राहिली नाही. ती राज्याने खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचवावयाची सोय ठरली. ह्या नव्या विचाराचे महाराष्ट्रातील सर्वांत मोठे प्रतीक म्हणजे कोयना. आखणी झाली तेव्हा बेळगाव जिल्हाही मुंबई राज्यातच होता. १९६२ साली पोफळीच्या भूमिगत वीजगृहातून वीजनिर्मितीस आरंभ झाला. पुढे टप्प्याटप्प्याने ही क्षमता १,९६० मेगावॉटपर्यंत गेली. चौथ्या टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ रोजी शिवसागर जलाशयाच्या तळाखालून बोगद्याचे तोंड स्फोटाने उघडण्यात आले, तो प्रसंग अनेकांना स्मरत असेल.

कोयनेचा हिशेब मुळशीहून निराळा होता. येथे मालक राज्य होते आणि लाभ एका शहरापुरता मर्यादित नव्हता. तथापि खर्चाचे काही रकाने येथेही कोरेच राहिले. खोरे सोडावे लागलेली कुटुंबे दूरदूरच्या जिल्ह्यांत विखुरली गेली. महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला तो १९७६ साली, म्हणजे कोयनेची वीज सुरू झाल्यानंतर चौदा वर्षांनी. आणि कोयनेच्या धरणग्रस्तांची आंदोलने एकविसाव्या शतकातही चालूच राहिली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त केले आणि मोठे जलाशय व भूकंप यांच्या संबंधाचा प्रश्न जगभरच्या शास्त्रज्ञांपुढे उभा केला.

दुसरा प्रश्न पाण्याचा. टाटांचे तलाव असोत की कोयना, त्यांचे पाणी मुळात पूर्वेकडे वाहणारे, कृष्णेच्या खोऱ्यातले. विजेसाठी ते पश्चिमेस कोकणात उतरविले जाते आणि मग समुद्रास मिळते. कृष्णा कऱ्हाड-सांगलीवरून बेळगाव जिल्ह्यात उतरते. त्यामुळे वर किती पाणी वळविले गेले, हा प्रश्न खालच्या शेतकऱ्याच्याही उंबरठ्याशी येतो. बच्छावत लवादाने कोयनेतून पश्चिमेकडे वळवावयाच्या पाण्याला वर्षाकाठी ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली. पाऊस फुकट असतो हे खरे; परंतु एकदा नदीत आलेले पाणी कोणाचे ना कोणाचे असते.

दाभोळचा करार

पाण्याची वीज वाढत्या मागणीला पुरी पडणे शक्य नव्हते. कोराडी, चंद्रपूर, परळी येथील कोळशावरच्या केंद्रांनी पुढील काही दशके राज्याचा मोठा भार उचलला. कोळसा आता देशी खाणींतला होता. राखेचा आणि धुराचा भार मात्र केंद्रांभोवतीच्या वस्त्यांवर राहिला. १९९१ नंतर वीजनिर्मितीचे क्षेत्र खाजगी व परदेशी भांडवलाला खुले झाले आणि १९९२ साली अमेरिकेतील एन्रॉन कंपनीशी रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळ प्रकल्पाची बोलणी सुरू झाली. वीजखरेदीचा करार १९९३ च्या डिसेंबरात झाला, १९९५ साली रद्द झाला आणि १९९६ साली सुधारित स्वरूपात पुन्हा मान्य झाला. ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला.

ह्या प्रकरणावर राजकीय अंगाने पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे पाहावयाचे ते त्यातील अर्थकारण. खोपोलीत इंधन फुकट आणि भांडवल देशी होते. कोळशाच्या केंद्रांत इंधन विकत घ्यावे लागे. पण ते रुपयांत. दाभोळला दोन्ही बाजू परक्या चलनाशी बांधलेल्या होत्या. भांडवलाचा मोबदला डॉलरच्या हिशेबाने द्यावयाचा होता. आणि पहिल्या टप्प्यातील नाफ्था व पुढे आणावयाचा द्रवरूप वायू यांच्या किमती जागतिक तेलबाजाराशी निगडित होत्या. शिवाय वीज घेतली नाही तरी केंद्र सज्ज ठेवल्याचा स्थिर आकार मंडळाने द्यावयाचाच होता. करार झाला तेव्हा डॉलरचा भाव ३१ रुपयांच्या आसपास होता. २००१ पर्यंत तो ४६ च्या पुढे गेला. ह्याच सुमारास तेलही महागले. वापर कमी आणि स्थिर आकार कायम, अशा स्थितीत काही महिन्यांत दाभोळच्या युनिटचा दर सात रुपयांच्या पुढे गेला. मे २००१ मध्ये केंद्र बंद पडले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मूळ कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली. २००५ साली सार्वजनिक कंपन्यांच्या सहभागाने नवी कंपनी स्थापून प्रकल्प तिच्याकडे देण्यात आला.

मुळशीत धोका शेतकऱ्याच्या माथी गेला होता. दाभोळला तो वीज मंडळाच्या, म्हणजे अंती ग्राहकाच्या आणि करदात्याच्या माथी आला. किंमत नेमकी कोणत्या कलमात दडली आहे, हे सही करण्यापूर्वी वाचणारे लोक त्याही वेळी होते. त्यांचे म्हणणे ऐकले गेले नाही. ऊर्जेच्या स्वातंत्र्याचा संबंध खाणीशी आणि धरणाशी जितका आहे, तितकाच कराराच्या कागदाशी आहे, हा धडा महाराष्ट्राने फार महाग किमतीला घेतला.

उन्हाचे दिवस

गेल्या पंधरा वर्षांत ह्या हिशेबात मोठाच पालट झाला. २०१० साली राष्ट्रीय सौर अभियानाच्या पहिल्या फेरीत सौर विजेचे बोलीदर युनिटमागे सरासरी बारा रुपयांच्या आसपास होते. मे २०१७ मध्ये राजस्थानातील भाडला येथे बोली २ रुपये ४४ पैशांवर आली. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या एका बोलीत ती दोन रुपयांच्याही खाली, १ रुपया ९९ पैशांवर उतरली. २०२५ च्या आरंभी देशाची सौर क्षमता एक लाख मेगावॉटवर गेली.

वरवर पाहता ही अगदी नवी गोष्ट. परंतु तिचे अर्थकारण खोपोलीचेच आहे. सगळा खर्च आधी, इंधन फुकट, आणि दर मुख्यतः व्याजावर व दीर्घ मुदतीच्या खरेदीकरारावर अवलंबून. जुने प्रश्नही नव्या रूपाने समोर आले आहेत. ऊन आपले असले तरी सौर पॅनेल मोठ्या प्रमाणावर चीनमधून येत होती. म्हणून १ एप्रिल २०२२ पासून सरकारने त्यांवर ४० टक्के आयातशुल्क लावले. त्यामुळे देशी कारखान्यांना वाव मिळाला आणि आरंभीचा खर्चही वाढला. स्वावलंबनाला किंमत पडते, ती उघडपणे मांडली जावी एवढेच म्हणणे न्याय्य ठरेल.

जमिनीच्या प्रश्नाला मात्र ह्या वेळी काहीसे वेगळे उत्तर शोधले गेले. शेतीपंपांना रात्रपाळीने वीज मिळे. थंडीच्या दिवसांत शेतकऱ्याला मध्यरात्री पाणी धरावयास जावे लागे. दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ साली महाराष्ट्रात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. तिच्या २०२३ च्या दुसऱ्या टप्प्यात उपकेंद्राजवळच्या खाजगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि दरसाल तीन टक्के वाढ, अशी तरतूद आहे. जमीन भाड्याने जाते, मालकी शेतकऱ्याचीच राहते. मुळशीच्या मावळ्याला असा पर्याय कोणी देऊ केला नव्हता. अर्थात भाडे सातबारावर नाव असणाऱ्याला मिळते. गायरानावर गुरे चारणाऱ्याचे किंवा दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्याचे काय, हा प्रश्न येथेही उरतोच. सर्वांना सारखे लाभलेले ऊन विजेच्या रूपाने वाटताना पुन्हा कागदावरच्या नावापाशी अडते.

सूर्यास्तानंतरची गरज हा सौर विजेपुढील दुसरा अडसर. संध्याकाळी दिवे लागावयाची आणि सौर वीज संपावयाची वेळ एकच. त्यावर उपाय म्हणून दिवसाच्या स्वस्त विजेने खालचे पाणी वरच्या तलावात चढवावयाचे आणि संध्याकाळी तेच पाणी खाली सोडून वीज घ्यावयाची, ही उदंचनाची पद्धत पुढे आली आहे. भिऱ्यास असे एक यंत्र १९९० च्या दशकातच बसविले गेले, आणि घाटघरचे केंद्र २००८ साली सुरू झाले. ऑगस्ट २०२३ मध्ये शिरवटा येथे १,८०० आणि भिवपुरी येथे १,००० मेगावॉटच्या उदंचन प्रकल्पांसाठी राज्य सरकार आणि टाटा पॉवर यांच्यात सामंजस्य करार झाला. कोळशापासून मुंबईला सोडविण्यासाठी शतकापूर्वी ज्या डोंगरात पाणी अडविले गेले, तेथेच आता दिवसाचे ऊन रात्रीसाठी साठवावयाचे घाटत आहे.

म्हणून मुळशीची आठवण ही केवळ जुन्या लढ्याची आठवण राहत नाही. तो लढा कंपनीच्या ताळेबंदावरून कळत नाही, सरकारी अहवालांतूनही अर्धामुर्धाच कळतो. तो कळतो त्या काळच्या मराठी वृत्तपत्रांच्या पिवळ्या पडलेल्या फायलींतून आणि भुस्कुट्यांसारख्या सहभागी माणसांनी लिहून ठेवलेल्या हकिकतींतून. असे कागद जपून ठेवणारी ग्रंथालये नसती, तर त्या जमाखर्चातला कोरा रकाना कोरा होता हेसुद्धा पुढच्या पिढीला समजले नसते. सह्याद्रीत उद्या जी नवी धरणे, नवे बोगदे आणि नव्या वाहिन्या येतील, त्यांच्या दराची चर्चा करताना वाचकांनी ती जुनी पाने एकवार चाळावीत. युनिटचा दर किती, ह्यापाठोपाठ तो कोणाला सोसावा लागला, हेही त्यात लिहिलेले आहे.